मुखवटे भट्टीत जाण्यापूर्वी : सर्व सभासदांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी थापलेले मुखवटे सुंदर उतरले आहेत. बोहाड्याच्या, म्हणजे मुखवटे घालून नाचण्याच्या आदिवासी उत्सवाच्या, सोंगांवरून केलेला मोठ्या डोळ्यांचा मुखवटा तर पाहतच राहावा असा. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडचे ते मुखवटे लाकडाचे नाहीतर कागदाच्या लगद्याचे. आपण तेच रूप मातीत आणतोय, म्हणून थोडी जास्त काळजी घ्यावी लागेल.

वाळवण्यात घाई करू नका. उन्हात किंवा पंख्याखाली ठेवलेल्या मुखवट्याच्या कडा आधी सुकून आक्रसतात, मधला भाग ओलाच राहतो आणि कपाळावर तडा जातो. वरून प्लास्टिक सैल पांघरा, नाक-कान-शिंगांवर जरा जास्त. माती चामड्यासारखी घट्ट झाली की आकारासाठी आत भरलेला वर्तमानपत्राचा बोळा काढा आणि जाडी तपासा. साधारण 8 मिमी पुरे. नाक भरीव असेल तर मागून कोरून पोकळ करा. आत ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि मुखवटा फुटतो, शेजारच्याचेही तुकडे होतात.

टांगण्याची भोकं आत्ताच पाडा, दोरीपेक्षा बरीच मोठी, कारण माती आटते. सुटलेला कान नुसत्या पाण्याने चिकटवू नका. दोन्हीकडे ओरखडे काढून पातळ मातीने जोडा.

मुखवटा गालाला लावून पाहा. गार लागला तर अजून ओला आहे, तो या खेपेला भट्टीत घेणार नाही. पाठीमागे आपली खूण कोरायला विसरू नका.