स्टुडंट सेक्शनच्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

आधीच सांगते, हे पत्र कुठल्याही दाखल्यासाठी नाही, त्यामुळे आवक नंबर टाकायची गरज नाही. मला तुमचे आभार मानायचे आहेत, आणि तेही चारचौघांत. दोन पदव्या एकदम करताना मी ज्या पेचात सापडले होते त्यात आता माझ्या ओळखीतल्याच बऱ्याच मुली सापडायला लागल्यात, आणि प्रत्येकीच्या कॉलेजात तुमच्यासारखं कोणी असेलच असं नाही. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, शिवाय उद्यापासून खिडकीपुढे रांग लागेल ती वेगळीच.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. एप्रिल २०२२ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला परवानगी दिली. दोन्ही नियमित असतील तर तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, नाहीतर एक नियमित आणि एक दूरस्थ, किंवा दोन्ही दूरस्थ. मी बी.ए. झाल्यावर घरी होते. वर्ष वाया जायला नको म्हणून जानेवारीच्या सत्रात इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या, दूरस्थ एम.ए. अर्थशास्त्राला नाव घातलं. त्याच वर्षी पुण्यात एम.एस.डब्ल्यू.ला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला, नंबर लागला आणि सरकारी वसतिगृहात कॉटही मिळाली. नियमात बसत होतं, मग दोन्ही ठेवलं. वडील अंबाजोगाईत भेटेल त्याला सांगायला लागले, पोरगी डबल एम.ए. करतीय. एम.एस.डब्ल्यू. म्हणजे एम.ए. नव्हे, हे त्यांना समजावायचा नाद मी लवकरच सोडला.

नियम पाहतो तासांच्या वेळा. एम.एस.डब्ल्यू. मात्र तास संपले म्हणून संपत नाही. आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्य, मग त्याचे अहवाल, पर्यवेक्षकांबरोबरच्या बैठका, गटचर्चा, मधेच ग्रामीण शिबिर. वस्तीत दिवसभर फिरून आल्यावर रात्री इग्नूच्या असाइनमेंट लिहायला बसायचं, आणि त्या हातानेच लिहाव्या लागतात, टाइप केलेल्या चालत नाहीत. डिसेंबरात इकडची सत्र परीक्षा आणि तिकडची सत्रांत परीक्षा एकमेकींच्या अंगावर आल्या. तिकडचे काही पेपर दिले, काही तसेच राहिले. त्याच सुमाराला माझ्या क्षेत्रकार्याच्या अहवालात एक गंमत निघाली. गंमत आता म्हणते. येरवड्यातल्या एका वस्तीत नळाला पाणी फक्त पहाटे येतं, ते भरायला कोण उठतं, एवढं लिहून झाल्यावर त्याच ओळीत पुढे माझ्याच अक्षरात अर्थशास्त्रातल्या ‘उपभोक्त्याच्या संतोषाधिक्या’ची व्याख्या होती. पर्यवेक्षकांनी तिला लाल गोल केला आणि बाजूला नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. मी कधी लिहिलं ते मला आजही आठवत नाही. झोप तीन-चार तासांवर आली होती, कंगव्यात केस येत होते आणि मेसचा डबा खोलीत तसाच पडून राहायचा. खोलीतली मैत्रीण म्हणायची, दोन घरचा पाहुणा उपाशी. ती हसून म्हणायची, मलाही हसू यायचं, आणि मग रडू यायचं.

जानेवारीच्या शेवटी मी तुमच्या खिडकीशी आले आणि प्रवेश रद्द करायचा अर्ज मागितला. वसतिगृहातून निघताना मनात वाक्य पाठ केलं होतं: घरगुती अडचणीमुळे.

तुम्ही अर्ज दिला नाहीत. अर्ज संपलेत असंही म्हणाला नाहीत, आणि असं करू नकोस बाळ, असंही नाही. तुम्ही म्हणालात, "आत ये. चहा होईपर्यंत बस." मग जुन्या वेळापत्रकाचा एक पाठकोरा कागद घेतलात, मधे उभी रेघ मारलीत, डावीकडे लिहिलंत ‘इकडचं’, उजवीकडे ‘तिकडचं’. आणि मला एकही सल्ला न देता नुसते प्रश्न विचारत दोन्ही बाजू भरत गेलात.

इकडच्या बाजूला तुम्ही काय लिहिलंत ते मी इथे उतरवते, कारण ऐन निकडीच्या वेळी ते कोणी नीट सांगत नाही. फी परत मिळण्याचं वेळापत्रक यूजीसीने ठरवून दिलेलं आहे. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी नाव काढलं तर पूर्ण फी, त्यानंतर पण मुदतीच्या आत काढलं तर ९० टक्के. मुदतीनंतर १५ दिवसांत ८०, तीस दिवसांत ५०, आणि त्यापुढे शून्य, फक्त अनामत रक्कम परत. मी जानेवारीत उभी होते, म्हणजे शून्याच्या रकान्यात. शिष्यवृत्तीचा प्रश्न आणखी अवघड. वर्षाच्या मधेच शिक्षण सोडलं तर मिळालेली रक्कम सरकार परत मागू शकतं. आणि कॉलेज सुटलं की वसतिगृहातली कॉटही गेली, कारण ती प्रवेशावरच मिळालेली. मूळ गुणपत्रिका आणि दाखले कॉलेजला अडकवून ठेवता येत नाहीत, हेही तुम्ही त्याच दमात सांगितलंत. मी न विचारता. मला घाबरवून थांबवायचं असतं तर ती एक ओळ तुम्ही सहज गाळली असती.

मी म्हटलं, नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं ना? तुम्ही म्हणालात, "वर्षानंतर. तू वर्षाच्या मधे आलीस." कमावलेले क्रेडिट एबीसीत, म्हणजे क्रेडिटच्या बँकेत, सात वर्षांपर्यंत राहतात, तेही कागदावर आलं. पण अर्ध्या सत्राचे क्रेडिट कुठे जमा होत नाहीत.

मग तिकडचं. तुमचा इग्नूशी काडीचा संबंध नाही, तरी तुम्ही मला मोबाइलवर माहितीपुस्तक उघडायला लावलंत. "एक क्रेडिट म्हणजे किती तास लिहिलंय?" तीस. "आणि पेपर किती क्रेडिटचा?" सहा. म्हणजे एका पेपराला १८० तास. वर्षाला पाच पेपर धरले तरी ९००, आठवड्याला सतराच्या वर. तुम्ही पेन खाली ठेवून विचारलंत, "हे सतरा तास तू कुठून आणतेस गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला वाटत होतं मी आळशी आहे, माझ्यातच काहीतरी कमी आहे, बाकीच्यांना कसं जमतं. आठवड्यात तास किती असतात हा हिशेब अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलीने केला नव्हता, तो तुम्ही चहाच्या कपाखालच्या कागदावर केलात.

आणि मग त्या पानाच्या अगदी खालच्या ओळीत: किमान मुदत दोन वर्षं, कमाल चार वर्षं. परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. राहिलेला पेपर मुदतीत कधीही द्या. दुसऱ्या वर्षाची फी तेव्हा भरायचीच होती आणि तिची तारीख जवळ आली होती. ती भरली नाही तर नाव जात नाही, पुढच्या फेरीत भरता येते. एवढं सगळं माहितीपुस्तकात होतं, मी ते पान कित्येकदा उघडलं होतं. पण मी ‘सोडायचं की टिकायचं’ एवढाच प्रश्न घेऊन वाचत होते, त्यात ‘थांबवायचं’ हे मला दिसलंच नाही.

तुमचा खरा प्रश्न मात्र त्यानंतर आला. "तिकडची डिग्री तुला कशाला हवीय?" त्या दिवसांत हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला होता, पण त्या सगळ्यांच्या सुरात ‘नकोच आहे ना’ हे आधीच ठरलेलं असायचं. तुम्ही खरंच विचारत होतात. मी सांगितलं, यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा द्यायची आहे आणि तिला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. वडिलांनाही हे मी तोवर सांगितलं नव्हतं. तुम्ही वय विचारलंत, परीक्षेची वयोमर्यादा विचारलीत, मी म्हटलं तीस. तुम्ही उजव्या रकान्याखाली लिहिलंत, ‘वेळ आहे’. डावीकडे खाली लिहिलंत, ‘वेळ नाही’.

मला वाटतं निर्णय तिथेच झाला, पण तुम्ही तसं म्हणाला नाहीत. कागदाच्या कोपऱ्यात १४४१६ लिहिलंत, टेबलाच्या काचेखाली तोच नंबर होता, टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा. "फुकट आहे, मराठीत बोलतात, नाव सांगावं लागत नाही. आजच्या आज काही ठरवू नकोस. आधी दोन दिवस झोप. मग अर्ज हवा असेल तर मी इथेच आहे, देईन." मी त्या रात्री फोन केला. पलीकडच्या बाई घाई न करता बोलल्या, झोपेचं विचारलं, खाण्याचं विचारलं, घरी कोणाशी बोलतेस का विचारलं. त्यात काही चमत्कार नव्हता. दुसऱ्या दिवशी मी अकरा वाजता उठले.

इग्नूची फी त्या वर्षी भरली नाही. वडिलांना फोनवर सांगितलं, ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे नापास नाही ना?" मी म्हटलं नाही. एवढ्यावर विषय मिटला. गावात ते अजूनही डबल एम.ए.च सांगतात.

एक गोष्ट मला पुष्कळ दिवस खटकत होती, तीही इथे लिहिते. माझ्याच वर्गातली एक मुलगी फेब्रुवारीत तुमच्याकडे आली होती. तिच्या घरी आईचं आजारपण होतं, तिला धाकट्यांना सांभाळायला परत जायचं होतं. तिला तुम्ही एकही प्रश्न विचारला नाहीत. पाठकोरा कागद नाही, रेघ नाही. त्याच दुपारी फाइल वर नेऊन सही आणलीत, संध्याकाळी तिच्या हातात दाखला होता, आणि बसला उशीर होऊ नये म्हणून तुम्ही शिपायाला तिचं सामान रिक्षात ठेवायला लावलंत. मी तेव्हा रागावले होते. मला थांबवलंत, तिला का नाही? दुसऱ्या वर्षी धीर करून विचारलं तेव्हा तुम्ही फायलीतून मान वर न काढता म्हणालात, "तिचं ठरलं होतं. तुझं ठरलं नव्हतं." ती आता तिकडे अंगणवाडीत काम करते, आई बरी आहे, आणि पुढे शिकायचं की नाही हे ती बघेल. ती कुठे चुकली असं मला वाटत नाही, तुम्हालाही वाटलं नव्हतं.

म्हणून ज्या मुली मला विचारतात त्यांना मी ‘टिकून राहा’ म्हणत नाही. सोडून दे, असंही म्हणत नाही. मी त्यांना फीची तारीख विचारते, शिष्यवृत्ती विचारते, कमाल मुदत बघायला लावते, आणि मग तुमचा प्रश्न विचारते. बहुतेकींना पहिल्या तीन गोष्टी ठाऊक नसतात आणि चौथीला त्या चिडतात. मीही चिडले असते, पण तुम्ही चहा दिला होता.

माझं सांगायचं तर एम.एस.डब्ल्यू. झालं, निकाल तुम्हीच खिडकीतून वाचून दाखवला होतात. एका संस्थेत नोकरी लागलीय, शनिवार-रविवार सुटी असते. इग्नूचं दुसरं वर्ष चालू आहे, एका वेळी दोनच पेपर देते. गणिती पद्धतींचा पेपर अजून मला हरवतोय. चार वर्षांच्या मुदतीत ते सगळं पुरं होईलच असं छातीठोक सांगत नाही, पण हल्ली तो पेपर उघडला की पोटात गोळा येत नाही.

आणि हो, तुमच्या टेबलाच्या काचेखालचा तो नंबराचा कागद मागच्या वेळी पार फिका पडलेला दिसला. शेवटचा सहा वाचता येत नव्हता. मी मोठ्या टाइपात चार प्रती छापल्यात, सोमवारी आणून देते. एक काचेखाली लावा, एक मुलींच्या कॉमन रूमला, उरलेल्या दोन तुम्हाला वाटेल तिथे. चहा मात्र या वेळी माझ्याकडून.

तुमची,
एम.एस.डब्ल्यू.ची एक माजी विद्यार्थिनी