तैलरंगातले वस्तुचित्र मोबाइलवरून नको, समोर तांब्या ठेवून शिकवा

महोदय,

उन्हाळी सुट्टी जवळ आली की 'एका दिवसात तैलचित्र' अशा जाहिराती दिसू लागतात. सकाळी मुलांच्या हातात कॅनव्हास येतो, समोर मोबाइलवर फळांच्या टोपलीचा फोटो असतो आणि संध्याकाळी पालक ओले चित्र जपून घरी नेतात. मुले रंगात हात घालतात याचा आनंदच आहे. पण तैलरंगाला आणि वस्तुचित्राला लागणारा वेळ या पद्धतीत मिळतच नाही. वस्तू समोर मांडून आणि निदान पाच बैठका देऊनच हा विषय शिकवावा, असे आम्हाला कळकळीने वाटते.

आधी फोटोबद्दल. पितळी तांब्या पांढऱ्या कापडावर ठेवला, तर त्याच्या काळोख्या बाजूच्या खालच्या अंगाला कापडाचा उजेड परतून लागतो. त्या मंद उजेडामुळे तांब्या गोल दिसतो. फोटोत हा भाग बहुधा सपाट काळा पडतो, किंवा फोन स्वतःच सावल्या उजळून सगळे सारखे करून टाकतो. मुलगा मग काळा रंग घेऊन सावली भरतो आणि तांब्याला भोक पडल्यासारखे दिसते. त्याचा हात चुकलेला नसतो, त्याला ती सावली बघायलाच मिळालेली नसते.

उजेडाचा प्रश्न आपल्याकडे वेगळा आहे. युरोपातली पुस्तके उत्तरेची खिडकी घ्या असे सांगतात, कारण तिथे दुपारचा सूर्य नेहमी दक्षिणेला असतो. आपल्याकडे कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात आणि मुंबईत मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. तिथून जुलैअखेर-ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो आणि उगवतो-मावळतोही उत्तरेच्या अंगाला. म्हणजे ऐन सुट्टीच्या वर्गांच्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतून सकाळ-संध्याकाळ ऊन आत येते आणि मांडणीवरची सावली तासाभरात सरकते. त्यावर उपाय स्वस्त आहे: खिडकीला पांढऱ्या मलमलीचा पडदा, नाहीतर खिडकी बंद करून डाव्या बाजूने वरून येणारा एकच दिवा. मांडणीवर दोन बाजूंनी दिवे पडले की प्रत्येक वस्तूला दोन सावल्या येतात आणि शिकणाऱ्याचा घोटाळा होतो. छताची ट्यूब मांडणीवर पडता कामा नये. कॅनव्हासला वेगळा दिवा लागतोच, तो मांडणीकडून आडोसा करून लावावा.

मांडणीसाठी दीड-दोन फुटांचे खोके घ्यावे. त्याची समोरची आणि डावी बाजू कापून आत करडा कागद चिकटवावा. आत तीनच वस्तू ठेवाव्यात: एक उंच, एक बुटकी, एक आडवी. पितळी तांब्या, वांगे आणि साधे कापड एवढ्यावर महिनाभर शिकता येते. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये शार्दाँ या चित्रकाराने तांब्याची भांडी आणि कांदे रंगवण्यात उमेदीची वर्षे घातली. आपल्या फडताळातही ऐवज तोच आहे. केळी मात्र टाळावीत, उकाड्यात ती दोन दिवसांत डागाळतात. कापलेले लिंबू तासाभरात सुकते. कांदा, लसूण, नारळ, भोपळा आणि कवठ पाच बैठका टिकतात. कवठाचा खरखरीत, न चमकणारा गोल तर नवशिक्यासाठी उत्तमच. मांडणी जेवढी रुंद, त्याच्या सुमारे तिप्पट अंतरावर बसावे आणि खुर्चीचे पाय व वस्तूंच्या जागा खडूने आखून ठेवाव्यात. पुढच्या बैठकीला खुर्ची चार बोटे सरकली तरी तांब्याचे तोंड बदलते.

या तोंडाबद्दल थोडे सविस्तर. तांब्याची कड वरून लंबगोल दिसते आणि त्याची टोके मुले हमखास बदामासारखी टोकदार काढतात. लंबगोलाला टोक नसते, तिथेही वळणच असते. दुसरी चूक म्हणजे बूड सरळ रेघेने संपवणे. बूड डोळ्याच्या पातळीपासून तोंडापेक्षा खाली असते, म्हणून त्याचा लंबगोल तोंडापेक्षा जास्त उघडलेला, जास्त गोलाकार असतो. तो पूर्ण काढून मगच मागची बाजू पुसावी. कोपर ताठ ठेवून, एक डोळा मिटून ब्रशच्या दांड्यावर उंची आणि रुंदी मापली की निम्म्या चुका रंग लावण्याआधीच सापडतात.

रंग सहा-सातच पुरेत: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर (मातकट पिवळा), कॅडमियम यलो, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अलिझरिन क्रिमसन (गडद लाल), अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी). काळ्याची ट्यूब सुरुवातीला नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिळून जो गडद येतो तो काळ्यापेक्षा जिवंत असतो आणि गरजेप्रमाणे थंड किंवा उबदार करता येतो. पॅलेटवर पांढरा सुपारीएवढा आणि बाकीचे वाटाण्याएवढे काढावेत. नवशिका हरभऱ्याच्या डाळीएवढा रंग काढून तोच खरवडत बसतो, म्हणून चित्र कोरडे आणि ओरखड्यांचे होते. ब्रश डुकराच्या केसांचे चपटे, ४, ६ आणि ८ नंबरचे, शक्यतो प्रत्येकी दोन: एक उजेडाला, एक सावलीला.

पितळ रंगवताना सोनेरी रंग घेऊ नये. पितळ म्हणजे शेजाऱ्याचे प्रतिबिंब. उजळ पट्ट्याला लागून एकदम गडद पट्टा येतो, मध्ये हळूहळू उतरण नसते. मधला रंग यलो ऑकर, सावलीकडे त्यात थोडा बर्न्ट अंबर आणि किंचित अल्ट्रामरीन, म्हणजे पितळेची हिरवट झाक येते. शेजारी वांगे असेल तर त्याचा जांभळा डाग पोटावर दिसतो, तो सोडू नये. चमकेचा ठिपका सर्वांत शेवटी, एका फटकाऱ्यात लावावा. इथे वांगे आणि पितळ यांत फरक आहे आणि तो मोबाइलवर कळत नाही. धातूची चमक धातूचाच रंग घेते, म्हणून पितळेवरच्या ठिपक्यात पांढऱ्याबरोबर पिवळ्याची छटा हवी. वांग्याच्या सालीवरची चमक मात्र उजेडाच्या रंगाची असते: खिडकीतून आकाशाचा उजेड येत असेल तर निळसर, पिवळा दिवा असेल तर पिवळसर. दोन्हीकडे ट्यूबमधला कोरा पांढरा लावला की दोन्ही प्लास्टिकचे वाटतात. तांब्या जिथे कापडाला टेकतो तिथली बारीक गडद रेघही विसरू नये, नाहीतर तो हवेत तरंगतो. पडछाया वस्तूजवळ कडक कडेची आणि लांब जाईल तशी मऊ होत जाते.

आता बैठका. आपल्याकडची बहुतेक मुले ग्रेड परीक्षांच्या तयारीत जलरंग आणि पोस्टर रंग शिकून आलेली असतात. जलरंगात कागदाचा पांढरा राखत फिक्याकडून गडदाकडे जातात. तैलरंगात उलटे, गडद आधी व पातळ, उजेड नंतर व जाड. पहिल्या बैठकीत टर्पेंटाइनने पातळ केलेला बर्न्ट अंबर फडक्याने कॅनव्हासभर चोळावा, त्यावर त्याच रंगाने आकार काढावेत आणि उजेडाच्या जागा फडक्याने पुसून काढाव्यात. दुसऱ्या बैठकीत डोळे किलकिले करून सगळे चित्र तीन-चार छटांत बसवावे. तिसरी आणि चौथी रंगाची, त्यांत पार्श्वभूमी वस्तूंच्या बरोबरीने रंगवावी. मागचे सगळे शेवटी भरले की वस्तू कात्रीने कापून चिकटवल्यासारख्या दिसतात. पाचवी कडांची आणि चमकेची.

मधले दिवस का लागतात? तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. त्यातही प्रत्येक रंगाची चाल वेगळी. बर्न्ट अंबरमध्ये मँगनीज असल्याने तो एक-दोन दिवसांत हाताला सुकतो, टायटॅनियम व्हाइट आणि अलिझरिनला आठवडाभरही लागतो, पावसाळ्यात आणखी जास्त. म्हणून खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा जास्त तेलाचा, हा नियम आहे. पहिला हात फक्त टर्पेंटाइनने, पुढचा ट्यूबमधून येतो तसा किंवा एक भाग जवस तेल व दोन भाग टर्पेंटाइनने, शेवटचा फार तर समसमान मिश्रणाने. उलटे केले तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर हलतो आणि भेगा पडतात. तेल फार झाले तर थर सुरकुततो आणि पिवळा पडतो. गडद भाग सुकल्यावर फिका आणि निस्तेज दिसला तर त्यावर पुन्हा गडद लावू नये. तेल खालच्या थराने शोषले आहे एवढेच. बोटाने जवस तेलाचा पातळ हात फिरवून फडक्याने पुसून घेतले की मूळ रंग वर येतो.

साहित्य आणतानाही फसगत होते. हार्डवेअरच्या दुकानातले 'डबल बॉइल्ड' जवस तेल दारे-खिडक्यांसाठी असते. त्यात लवकर सुकवणारी द्रव्ये असतात आणि ते काळवंडते. घाण्यावरचे कच्चे जवस तेल खाण्यासाठी चांगले, पण त्यातला चिकट गाळ चित्राला नको. शेंगदाण्याचे तेल तर कधीच सुकत नाही. रॉकेलने रंग पातळ करण्याची खोड अजून गेलेली नाही, ते मागे तेलकटपणा ठेवते आणि रंगाची पकड जाते. अस्तर नसलेल्या कापडावर थेट तैलरंग लावला तर तेल धाग्यांत शिरून कापड काही वर्षांत ठिसूळ होते. भिंतीच्या डिस्टेंपरचे अस्तर भुकटी होऊन सुटते. अ‍ॅक्रिलिक जेसोचे, म्हणजे चित्रकामासाठी मिळणाऱ्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात द्यावेत. त्यावर तैलरंग चालतो, तैलरंगावर मात्र अ‍ॅक्रिलिक नाही.

चित्र सुकायला कपाटात ठेवू नये, अंधारात जवस तेल पिवळे पडते. उन्हात नव्हे, पण उजेडात, भिंतीपासून थोडे दूर ठेवावे, म्हणजे पावसाळ्यात मागे बुरशी धरत नाही. व्हार्निशची घाई सहा महिने तरी करू नये आणि फर्निचरचे व्हार्निश कधीच नको, ते काढता येत नाही.

एक गोष्ट वर्ग घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी सांगावी. जवस तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून ढिगात टाकली, तर तेल सुकताना ऊब साठते आणि ती आपोआप पेट घेऊ शकतात. फडकी पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावीत. ब्रश धुतलेले टर्पेंटाइन मोरीत ओतू नये. बरणीत ठेवले की दोन दिवसांत रंग तळाशी बसतो आणि वरचे स्वच्छ टर्पेंटाइन पुन्हा वापरता येते. आणि जाहिरात छापताना वर्ग किती दिवसांचा याबरोबर बैठका किती आणि चित्र समोरच्या वस्तूवरून की फोटोवरून, एवढे दोन शब्द जरूर छापावेत.

– काही कलाशिक्षक, कोल्हापूर