घरासाठी एक पोतं तूर

चिराद्झुलू, मलावी
आषाढ संपत आला

प्रिय दादा,

ती. अप्पांना आणि आईला साष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

पत्रास कारण, तुझं परवाचं बोलणं. रेंज गेली आणि विषय अर्ध्यावर राहिला. पण तू म्हणालास ते डोक्यातून जात नाही: “तू तिकडं लोकांस्नी तूर पिकवायला शिकवतीस, तीच तूर जहाजानं इकडं येती आन् बार्शीत आमचा भाव पाडती.” फोनवर मी गप्प बसले. बहिणीनं भावाला असं गप्प राहून उत्तर देऊ नये, म्हणून लिहायला बसले.

तुझं म्हणणं खोटं नाही. 2021 साली आपल्या सरकारनं मलावीशी करार केला, पाच वर्षं दरसाल 50,000 टन तूर घ्यायची. शेजारच्या मोझांबिकशी 2 लाख टनांचा. इथली तूर जुलैपासून निघते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात बाजारात येते. तेव्हा आपली जुनी तूर संपत आलेली असते आणि नवी अजून शेतात उभी असते. तुमची कोळपणी चालली असेल आत्ता, आणि इथं बायका शेंगा बडवतायत. आपली तूर डिसेंबर-जानेवारीत खळ्यावर येते तेव्हा व्यापाऱ्याकडं आधीचा माल असतोच. तुला जे दिसतं ते खरंच दिसतं.

पण 2017 आठव. हमीभाव बोनससकट क्विंटलला 5,050 रुपये होता आणि आडतीत त्याहून कितीतरी खाली मागत होते. तू ट्रॅक्टर घेऊन खरेदी केंद्राबाहेर मुक्कामी होतास, आत बारदान नाही म्हणून काटा बंद. आई डबा पाठवायची. त्याच साली ऑगस्टमध्ये सरकारनं तुरीच्या आयातीवर वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा घातली. तुमच्यासाठी ते बरोबरच होतं. पण इथं त्याच वेळी काढणी चालली होती. भाव असा कोसळला की इथल्या बायका अजून त्या वर्षाची आठवण काढतात. दिल्लीतला एक कागद, बार्शीत उशिरा पोचला आणि चिराद्झुलूत फार लवकर. आज आयात खुली, उद्या बंद. यात तूही भरडला जातोस आणि इथली बाईही. या दोघांचा भाव एकदम कसा वाढेल, त्याचं उत्तर माझ्याकडं नाही, आणि असल्याचा आव मी आणणार नाही.

माझं काम नेमकं काय, हे मात्र तुला कधी नीट सांगितलंच नाही. मी इथं तूर जास्त पिकवायला शिकवते, एवढंच तुला ठाऊक. तूर यांना शिकवावी लागत नाही. नांडोलो म्हणतात तिला. मक्यात आंतरपीक घेतात, आपण सोयाबीनमध्ये घेतो तसं. नोव्हेंबर-डिसेंबरात पावसावर दोन्ही लावायचं, एप्रिलमध्ये मका काढायचा, तूर उभीच. बैल नाहीत, औत नाही. अख्खं रान कुदळीनं वरंबे ओढून तयार करतात. एकराच्या आतबाहेर जमीन. त्यातला मका खाऊन संपतो आणि डिसेंबर ते मार्च हे महिने उपासमारीचे. तेव्हा पिठासाठी दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायचं, म्हणजे नेमकं स्वतःच्या रानात खुरपायच्या वेळी.

जेवण म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट उकडलेलं न्सिमा, सोबत पालेभाजी. पालेभाजीत दाण्याचं कूट घालतात, न्सिंजिरो म्हणतात त्याला. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला आपलं स्वयंपाकघर आठवून रडू आलं होतं. पण ते कूट कशाचं असतं ठाऊक आहे? टपोरे दाणे व्यापाऱ्याला. सुरकुतलेले, फुटके, बुरशी धरलेले घरात. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृत बिघडवतं, आणि कुटलेल्या दाण्यात ते डोळ्यांना दिसत नाही. तुरीचंही तेच. हिरव्या शेंगा मीठ घालून उकडून खातात, तेवढीच घरात. वाळलेली सगळी विकायची. अख्खी तूर शिजायला दोन-अडीच तास सरपण जळतं, आणि सरपण बाईनंच डोक्यावर आणायचं. मग लेकरं नुसत्या मक्यावर वाढतात. मक्याच्या प्रथिनात जे कमी असतं, ते तुरीत असतं. वरण-भाताचं गणित तेच आहे. आणि तूर तर दारात उभी! 2015-16 च्या सर्वेक्षणात इथली पाच वर्षांखालची 100 पैकी 37 मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. तू म्हणशील, ती आफ्रिका आहे. आपल्या महाराष्ट्रात 2019-21 ला हाच आकडा 35 होता, दादा.

आपल्या घरी काय होतं? दोन म्हशी, सगळं दूध डेअरीला, आपण दोघं कोऱ्या चहात भाकरी बुडवून शाळेत. अंडी बाजारला. तूर आडतीत, आणि महिन्याभरानं दुकानातून डाळ आणायची. कुणाचा दोष नव्हता. अप्पांना फी भरायची होती, तीही आपलीच. पण आईच्या अंगात रक्त कमी आहे, हे कळायला मला परदेशात हे शिकून घ्यावं लागलं, याचं वाईट वाटतं.

म्हणून इथं मी आईचं काम लावलंय. वाळली तूर घरात डाळ करून खायची. इथं जातं नाही, उखळ आहे. पहिल्या खेपेला सगळी चुरी झाली. तेव्हा आईला फोन केला, आठवतं? ती म्हणाली, तेलाचा हात लाव, दोन ऊन दाखव, मग पाण्याचा हबका मारून रात्रभर झाकून ठेव, सकाळी वाळवून हलक्या हातानं भरड. तसं केलं आणि साल सुटली. डाळ अर्ध्याहून कमी वेळात शिजली. कांदा-टोमॅटो घालून न्सिमासोबत वाढली, तर एका आजीनं नातवाचं बोट चाटून पाहिलं आणि मग स्वतःसाठी ताट मागितलं.

आता गटातल्या चौदा जणी एक पोतं आधी बाजूला काढतात, उरलेली विकतात. तीही एकत्र, स्वतःच्या काट्यावर मोजून. दारात येणाऱ्या किरकोळ व्यापाऱ्याच्या काट्याचा त्यांना पुरेपूर अनुभव आहे. पैसे बँकी म्खोन्देत जातात, म्हणजे ओसरीवरची बँक. आपल्या बचत गटासारखीच. लोखंडी पेटी, तीन कुलपं, तीन किल्ल्या तिघींकडं. वाटप मुद्दाम भुकेच्या महिन्यांआधी ठेवलंय.

वहिनींना एक गंमत सांग. इकडं जमीन आईकडून लेकीला जाते आणि नवरा लग्न करून बायकोच्या गावात राहायला येतो. मला वाटायचं, मग बाईच्या हातात सगळं असेल. तसं नाही. कुदळ तिची, रान तिचं, पण तूर विकली की नोटा बहुतेक घरांत तोच मोजतो. जिथं त्या तिच्या पेटीत पडतात, तिथं ताटात फरक पडलेला मी पाहिलाय. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची, म्हणजे बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची हाक दिली होती, तेव्हा आपल्या सातबाऱ्यावर आईचं नाव लागलं नाही. अप्पांशी हे तू बोल. मी बोलले की ते विषय बदलतात.

तर दादा, तुझी तूर आणि इथली तूर बाजारात एकमेकींसमोर उभी राहणारच. पण इथल्या घरात जेवढी शिजेल, तेवढी तरी जहाजात चढणार नाही, असंही धरून चाल. आणि यंदा तूही एक पोतं काढून ठेव. आडतीत भाव कितीही चढो, ते उचलायचं नाही. माळ्यावरचं जातं उतरवून टाकी लावून, म्हणजे दगडाला खाचा पाडून घे, टाकी लावणारा वैरागच्या बाजारात भेटतो का बघ. अप्पांच्या बांधावरची मालदांडी ज्वारीही मोडू नकोस, ती आपल्याच मोहोळची.

वहिनींना विचार, एक पायली तुरीला तेल किती लावायचं. आई “अंदाजानं” म्हणते, आणि इथल्या बायकांना अंदाज सांगता येत नाही. शिवाय तेल इथं महाग आहे, तेलाशिवाय नुसती भिजवून साल सुटेल का, हेही विचार. रविवारी संध्याकाळी फोन करते, तेव्हा त्यांना जवळ बसव.

तुझी,
धाकटी