छोट्या प्रमाणपत्रांवर नेमके काम लिहा

महोदय,

नोकरी करणाऱ्या कामगारांसाठी तीस-चाळीस तासांच्या कौशल्य प्रमाणपत्रांचा सध्या बराच बोलबाला आहे. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात अध्ययनाच्या ३० तासांना १ क्रेडिट (श्रेयांक) धरले आहे. असे क्रेडिट साठवून आयटीआय झालेल्या कामगाराला पुढच्या शिक्षणाची वाट मिळू शकते. ही सोय आम्हाला मोलाची वाटते, म्हणूनच त्या कागदावर काय लिहिले जाते याची काळजी वाटते.

वेल्डिंगचे पाहा. प्रेशर पाइपिंगच्या, म्हणजे दाबाखालच्या पाइपांच्या, कामावर वेल्डरची चाचणी बहुधा 'एएसएमई' या अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या नियमावलीतल्या नवव्या विभागाप्रमाणे होते. तिच्या नोंदीत वेल्डिंगची पद्धत, धातूचा गट, जाडी आणि पोझिशन (वेल्ड करताना जोडाची स्थिती) लिहावीच लागते. ४५ अंशांत तिरक्या बांधलेल्या पाइपवर, म्हणजे ६जीमध्ये, पास झालेल्याला ग्रूव्ह जोडाच्या (खाच भरून केलेल्या जोडाच्या) सर्व पोझिशन चालतात. सपाट १जीवाल्याला फक्त सपाट. जोडातून कापलेल्या पट्ट्या वाकवतात. बाहेरच्या अंगावर ३ मिमीपेक्षा मोठी भेग उघडली, तर नापास. त्या पद्धतीने सहा महिने काम केले नाही, तर पात्रताच संपते.

आता 'बेसिक वेल्डिंग, अ श्रेणी' एवढेच लिहिलेला कागद सुपरवायझरच्या हाती द्या. माणसाला कुठल्या जोडावर उभे करायचे, हे त्यावरून कळत नाही. मग तो प्रमाणपत्र खिशात ठेवून हेल्परच राहतो.

उणीव दुसऱ्या बाजूलाही आहे. एएसएमईची पात्रता चाचणी घेणाऱ्या कंपनीपुरती असते. नोकरी बदलली की सहसा पुन्हा चाचणी. छोट्या प्रमाणपत्राने नेमकी हीच जागा भरावी: नोंद चाचणीसारखी काटेकोर आणि क्रेडिट कामगाराच्या नावावर कायम.

बहुतेक घोळ सरावाच्या साहित्यात होतो. वेल्डिंगचा ३.१५ मिमीचा रॉड साधारण दीड मिनिटात जळून संपतो. माणशी दहा रॉड दिले, तर हातात आर्क (धातू वितळवणारी विजेची ज्योत) जेमतेम पंधरा मिनिटे राहतो. हजेरीपटावर मात्र तीस तास. ७०१८ या प्रकारच्या रॉडचा डबा उघडा राहिला की ते ओल धरतात, जोडात छिद्रे पडतात आणि दोष मात्र शिकणाऱ्याच्या हाताला दिला जातो. हे रॉड उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला भट्टीत भाजून गरम पेटीतच ठेवायला हवेत. वर्गाला मान्यता देताना रॉड आणि प्लेट किती खपल्या याची नोंदवही तपासावी, असा आमचा आग्रह आहे. वर्गातल्या खुर्च्या मोजून काय कळणार?

परीक्षा शिकवणाऱ्याने घेऊ नये आणि ती बहुपर्यायी प्रश्नांवर भागवू नये. चाचणीच्या पट्टीवर क्रमांक ठोकून ती जपावी, म्हणजे तक्रार आल्यास पुन्हा पाहता येते.

वेळेचा प्रश्न मालकांनीच सोडवायचा आहे. रोज दोन तास याप्रमाणे पंधरा दिवसांत ३० तास भरतात, पण ते पाळीच्या पगारी वेळेतच हवेत. बारा तास उभे राहून आलेल्या माणसाचा हात रूट पासला (जोडाच्या तळाच्या पहिल्या थराला) स्थिर राहत नाही. ठेकेदाराच्या कामगारांनाही यात घ्यावे. आणि चाचणी पास झालेल्या अर्धकुशल कामगाराला कुशल कामावर लावले, तर त्याच महिन्यापासून किमान वेतनाचा कुशल दर लावावा.

आपले,
वेल्डिंग शिकवणारे काही शिल्प निदेशक, पुणे