झीझी टॉपची लाल मोटार

नव्वदच्या दशकात आमच्या इमारतीत केबल आली आणि एमटीव्हीवर 'झीझी टॉप'ची गाणी पाहायला मिळाली. टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा, 1969 साली सुरू झालेला हा तिघांचा ब्लूज-रॉक बँड, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतावर उभा राहिलेला रॉक वाजवणारा. छातीवर रुळणाऱ्या दाढीचे बिली गिबन्स आणि डस्टी हिल, आणि दाढी न राखणारा ड्रमर, ज्याचं आडनाव मात्र बिअर्ड, म्हणजे दाढी!

1983च्या 'एलिमिनेटर' अल्बमचे टिम न्यूमन यांनी दिग्दर्शित केलेले तीन व्हिडिओ मला आजही पाठ आहेत. पेट्रोल पंपावरचा पोरगा, गाड्या लावणारा नोकर, बुटांच्या दुकानातली गांजलेली मुलगी. त्यांची वेळ वाईट आली की 1933ची लाल फोर्ड येणार, बँडचे हे तिघे कुठून तरी प्रकटणार, किल्ली हातात पडणार. गिबन्स-हिल दोघांचा तो एका तालात हात फिरवण्याचा झोक, कमरेशी गरगर फिरणाऱ्या पांढऱ्या केसाळ गिटारी! बँड स्वतः नायक होत नाही, दुसऱ्याला गाडी देऊन निघून जातो, हे मला तेव्हाही फार आवडायचं. या अल्बममधल्या सिंथेसायझरमुळे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या सुरांमुळे, त्यांचे ब्लूज पातळ झाले, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. गिबन्स यांच्या गिटारचा खरखरीत सूर त्यातही तसाच ऐकू येतो.

जुलै 2021 मध्ये डस्टी हिल गेले. त्या रात्री तिन्ही व्हिडिओ लेकीला दाखवले. तिने लाल गाडीचा व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.

— एक वाचक, पुणे