तेहतीस नंबरची पिवळी गाडी

कोल्हापूर,
१२ जून २०२३

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल संध्याकाळी साडेसातला फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची मोटार शर्यत संपली, तेव्हापासून तुला कधी सांगतो असं झालंय. तेहतीस नंबरची पिवळी कॉर्व्हेट तिच्या गटात पहिली आली. बेन कीटिंग जिंकला रे!

२०१९ तू विसरला नसशील. ह्याच गटात तो फोर्ड जीटी घेऊन पहिला आला होता. सोमवारी निकाल फिरला. टाकी जास्तीत जास्त ९६ लिटरची हवी, तिच्यात ९६.१ मावत होतं. अर्धा कप चहाएवढं पेट्रोल, आणि चोवीस तासांची मेहनत पुसली गेली. त्या दिवशी तू चिडून म्हणालास, आता ही शर्यत बघायची नाही, आणि खरंच सोडलीस. गेल्या वर्षी तो अ‍ॅस्टन मार्टिनमधून जिंकला, तेही तू पाहिलं नाहीस.

कालचं मात्र ऐकच. कीटिंग म्हणजे टेक्सासमधला गाड्यांचा विक्रेता, व्यावसायिक ड्रायव्हर नव्हे. ह्या गटात हौशी माणूस घ्यावाच लागतो, आणि त्याला ठरलेले तास चालवावीच लागते. तरी पात्रता फेरीत गटात पहिला तोच. वाटलं, आता सरळ जिंकणार. पण सुरुवातीच्या तासांतच गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागी. शॉकअप गेलेला! तो बदलेपर्यंत दोन फेऱ्या गेल्या. एक फेरी १३.६२६ किलोमीटरची. म्हणजे आपण इथून निघून पन्हाळा ओलांडून पुढे जावं, एवढं अंतर हातचं गेलं.

उद्यमनगरच्या गॅरेजात आपण दोघांनी शॉकअप बदललेत. स्प्रिंग दाबताना हात कसे थरथरतात, तुला सांगायला नको. तिथे तर तापलेली चाकं, घड्याळ डोक्यावर आणि सगळं जग बघतंय. त्या मेकॅनिकांची नावं कुणी घेत नाही. मला मात्र हा विजय आधी त्यांचा वाटतो. घाईत एक बोल्ट सैल राहिला असता तर रात्री ट्रॅकवरच्या मुलसानच्या लांब सरळ रस्त्यावर, भरधाव वेगात काय झालं असतं?

मग त्यांनी एकेक सेकंद वेचत आणला. मध्येच पाऊस, तेही अर्ध्या ट्रॅकवर, उरलेला कोरडा. गाडी आळीपाळीने चालवणारे कीटिंगचे साथीदार दोघे: निको व्हारोने हा बावीस वर्षांचा अर्जेंटिनाचा पोरगा, ल माँला पहिल्यांदाच, आणि तिसरा डच निकी कॅट्सबर्ग. मी रात्रभर जागा होतो. आईनं दोनदा येऊन लाइट बंद केला.

आयर्न डेम्स ह्या बायकांच्या संघातल्या तिघी जणींची पोर्शे बराच वेळ पुढे होती. त्यांचं पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांतलं स्थान, हुकलं, त्या चौथ्या आल्या, ह्याचं मला मनापासून वाईट वाटलं. शेवटच्या काही तासांत कॉर्व्हेट पुढे निघाली ती निघालीच.

सगळ्यांत वरच्या गटात पन्नास वर्षांनी परतलेल्या फेरारीनं एकूण शर्यत जिंकली, सगळीकडे तेच चाललंय. चालू दे. शर्यतीला यंदा शंभर वर्षं झाली आणि जीटीई गाड्यांचं, म्हणजे कॉर्व्हेटच्या ह्याच गटाचं, ल माँ हे शेवटचंच, पुढच्या वर्षी त्यांच्या जागी जीटी३ गाड्या येणार. त्या शेवटच्या वर्षी हा माणूस जिंकला.

गणपतीला येशील तेव्हा शेवटचे चार तास पुन्हा लावू. मी एकट्यानं पाहणार नाही, तुझ्यासाठी ठेवलेत.

काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
जुना जोडीदार