गवतकापणी यंत्र घेण्याआधी उतार मोजावा

संपादक महोदय,

अमेरिकेत दोन-तीन एकरांच्या आवारात घर घेतलेली मराठी कुटुंबे ‘झीरो टर्न’ गवतकापणी यंत्र निवडताना कापणीची रुंदी आणि अश्वशक्ती बारकाईने पाहतात, परंतु जमिनीच्या उताराचा विचार क्वचितच करतात, याची मला मनापासून काळजी वाटते. या यंत्राची मागची दोन चाके दोन दांड्यांनी स्वतंत्रपणे फिरतात, म्हणूनच ते जागच्या जागी वळते. पुढची चाके मात्र मोकळी असल्याने ओल्या उतारावर मागच्या चाकांची पकड सुटली की दिशा आणि गतिरोध दोन्ही हातचे जातात. बहुतेक उत्पादक १५ अंशांपेक्षा अधिक उतारावर ते चालवू नये असे सांगतात, आणि हा कोन मोबाइलवरही मोजता येतो. तळ्याकाठी किंवा बांधालगत तर मागे चालत ढकलायचे साधे यंत्रच वापरावे. यंत्र उलटल्यास चालकाला वाचवणारी संरक्षक कमान उभी असताना आसनाचा पट्टा बांधलाच पाहिजे. सपाट तीन एकरांना ५४ इंचांची कापणीची रुंदी पुरेशी होते. अर्थात कुंपणाचे फाटक यंत्र जाईल एवढे रुंद आहे का, हे विक्रेत्याकडे जाण्यापूर्वीच पाहावे.

आपला,
एक वाचक, ओहायो